सतरा नंबरची नळी

प्रयोगशाळेने तृप्ती मुळीकला कळवलं की तिच्या लहान आतड्यात कर्करोग असण्याची शक्यता ब्याण्णव टक्के आहे आणि तिचं जैविक वय एकसष्ट आहे. जन्मदाखल्यानुसार ती छत्तीस वर्षांची होती. अहवाल मोबाइलवर आला तेव्हा ती विट्यातल्या एका शाळेच्या फाटकाबाहेर आपल्या व्हॅनमध्ये बसली होती. शाळा सुटली. तिने मोबाइल पालथा ठेवला, सगळी पोरं घरोघर पोचवली आणि मग गाडी कडेला घेऊन अहवाल पुन्हा वाचला.

२०४१ साली ही तपासणी कुणाला नवी नव्हती. शरीरातल्या पेशी रोज मरत असतात. मरताना त्यांच्यातला डीएनए तुटतो आणि त्याचे तुकडे काही वेळ रक्तात फिरत राहतात. या तुकड्यांवर मेथिल नावाच्या रसायनाच्या बारीक खुणा असतात. यकृताच्या पेशीत त्यांची मांडणी एक, आतड्याच्या पेशीत दुसरी. कर्करोगाच्या पेशीत ही मांडणी विस्कटते. यंत्र दोन चमचे रक्तातले लाखो तुकडे वाचतं, विस्कटलेले वेगळे काढतं आणि ते कुठल्या अवयवातून आले असावेत ते सांगतं. स्कॅनमध्ये गाठ दिसायच्या कितीतरी आधी. याच खुणा वयाबरोबरही बदलत जातात, म्हणून अहवालाच्या तळाशी जैविक वयाची एक ओळ फुकट मिळे. बहुतेक लोक आधी तीच वाचत.

तृप्तीची तपासणी जानेवारीत, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात झाली होती. महिला मंडळाने त्या वर्षी स्टीलच्या वाट्यांऐवजी प्रत्येकीला एक रक्ततपासणी वाण म्हणून दिली. विमा कंपनीने निम्मा खर्च उचलला. पुण्याच्या ‘आरोग्यवेध’ प्रयोगशाळेने माणूस, खुर्ची आणि नळ्या पाठवल्या. तिळगूळ, अत्तर, कुंकू आणि मग दंडाला पट्टी, असा तो कार्यक्रम झाला. अहवाल आले तेव्हा मंडळात आनंदीआनंद होता. निम्म्या जणींची जैविक वयं खऱ्या वयापेक्षा कमी निघाली होती. अध्यक्षबाई सात वर्षांनी लहान झाल्या होत्या. सगळ्यांवर कडी केली ती मंजूकाकूंनी.

मंजुषा शितोळे, वय एकोणसाठ, तृप्तीच्या व्हॅनवरच्या मदतनीस. पोरांना चढवणं, उतरवणं आणि त्यांच्या मारामाऱ्या सोडवणं हे त्यांचं काम. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या रक्तात काही दोष निघाला नाही आणि जैविक वय आलं चौतीस. त्यांनी पेढे वाटले. अंदमानच्या सहलीत नाव नोंदवलं. गल्लीतल्या तरण्या पोरींना त्या ‘अगं माझ्या वयाच्या असून दमता कसल्या’ असं ऐकवू लागल्या. तृप्तीच्या अहवालाचं त्यांना कळलं तेव्हा मात्र आठवडाभर त्या चौतीसचा शब्द बोलल्या नाहीत, आणि सांगलीच्या रुग्णालयात पहिल्या खेपेला तिच्यासोबत त्याच गेल्या.

लहान आतडं पाच-सहा मीटर लांब असतं आणि गुंडाळी करून बसलेलं असतं. त्यात लपलेली गाठ शोधणं सोपं नाही. तृप्तीने कॅमेऱ्याची गोळी गिळली. मग दोन्ही बाजूंनी दुर्बीण झाली, दोन प्रकारचे स्कॅन झाले, संशय आला तिथला तुकडा काढून तपासला. काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणत, नाही असं नाही, अजून दिसलेलं नाही. एकसष्ट हा आकडा त्यांना महत्त्वाचा वाटत होता. आतला रोग पेशींना लवकर म्हातारं करतो, असं त्यांनी समजावून सांगितलं.

घरातलं वागणं बदललं. सासूबाई तिच्या हातातून बादली काढून घेऊ लागल्या. नवरा अजिंक्य कोइमतूरला होता. विट्यातल्या अनेक घरांसारखा त्यांचाही गलाईचा धंदा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचा. तो दिवाळीला आणि जत्रेला येई. दुसऱ्या मुलाचा विचार आता सोडून देऊ, असं तृप्तीने त्याला फोनवर सांगितलं. तो लगेच ‘बरोबर आहे’ म्हणाला. तो थोडा तरी थांबेल, असं तिला वाटलं होतं.

मेमध्ये रुग्णालयाने शेवटचा उपाय म्हणून रक्ताची तीच तपासणी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत करून घेतली. त्या अहवालात कर्करोगाची खूण नव्हती. जैविक वय पस्तीस.

घरात त्या दिवशी श्रीखंड आलं. दुसऱ्या दिवशी बिल आलं.

आठ लाख चाळीस हजार. विमा कंपनीने तृप्तीला नम्रपणे कळवलं की पॉलिसीत कर्करोगाचा खर्च धरलेला आहे, पण तिला कर्करोग नाही, सबब झालेल्या तपासण्या ऐच्छिक समजाव्या लागतील. रुग्णालयाचं म्हणणं, आम्ही अहवालावर विसंबून योग्य तेच केलं, आणि ते खोटं नव्हतं. तपासण्या सुरू करताना तृप्तीने व्हॅन तारण ठेवली होती. जूनअखेर पैसे भरले नाहीत तर व्हॅन जाणार होती, आणि व्हॅन गेली की तिची कमाई संपणार होती.

राहिली प्रयोगशाळा. तिथले वैद्यकीय प्रमुख डॉ. टोळे हे सभ्य गृहस्थ होते. व्हिडिओ कॉलवर त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. पहिला अहवाल चुकीचा म्हणता येणार नाही, ते म्हणाले. कधी कधी शरीरच छोटी गाठ नष्ट करतं, दाह ओसरतो, वयाचा आकडा खाली येतो. तृप्तीने विचारलं की जानेवारीतलं माझं रक्त तुमच्याकडे गोठवून ठेवलेलं आहे ना, मग ते माझंच आहे का एवढं तपासा. याचं उत्तर त्यांनी लेखी पाठवलं. जनुकीय गोपनीयतेच्या कायद्याचा दाखला देऊन त्यात लिहिलं होतं की नमुना तुमचा असेल तर ओळख पटवण्याचं कारण उरत नाही. आणि तो तुमचा नसेल तर तो दुसऱ्या कुणाचा आहे, आणि दुसऱ्याचा नमुना तपासायला सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

तृप्तीने ते दोनदा वाचलं. त्यात कुठेही फट नव्हती.

शाळा सुरू झाल्या. एका दुपारी पोरं सोडून रिकामी व्हॅन परतत होती. बिल, व्हॅन, टोळे हे विषय टाळायचे म्हणून मंजूकाकूंनी दुसऱ्या अहवालाचं काढलं.

"पस्तीस आलं होतं ना तुझं?" त्या मागून म्हणाल्या. "म्हणजे तू माझ्याहून वर्षाने मोठी. आता काकू म्हणायचं बंद कर, मंजू म्हण."

तृप्ती हसली. पुढच्या चौकात हिरवा दिवा लागला, मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले, तरी तिची व्हॅन जागची हलली नाही.

तिला हळदीकुंकवाची रांग आठवली. तिचं टोकन सतरा, काकूंचं अठरा. विधवांनाही बोलावण्याचा ठराव मंडळाने केव्हाच केला होता आणि तो मनापासून पाळला जात होता. तरी मंजूकाकू जुन्या सवयीने मागे मागे सरकत होत्या, पुढे येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला ‘तू जा गं’ म्हणत होत्या. सतराचा पुकारा झाला तेव्हा तृप्तीला ते बघवलं नाही. तिने काकूंचा दंड धरला आणि त्यांना आपल्या जागी खुर्चीवर बसवलं. काकू बसल्या, लाजल्या. रक्त काढणाऱ्या माणसाने नाव विचारलं नाही. त्याच्या शेजारच्या स्टँडमध्ये नळ्या ओळीने उभ्या होत्या आणि वेळ वाचावा म्हणून त्याने सकाळीच सगळ्यांवर नावांची लेबलं लावून ठेवली होती. त्याने ओळीतली पुढची नळी उचलली. सतरावी. नंतर तृप्ती बसली आणि तिच्यासाठी त्याने अठरावी उचलली.

रक्त घेतल्यावर, रुग्णासमोर, नाव विचारून लेबल लावायचं, हा नियम प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. साठ बायकांचं शिबिर एका दुपारी उरकायचं ठरलं की तोच पहिला मोडतो.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," तृप्ती म्हणाली आणि गाडी पुढे घेतली.

संध्याकाळी तिने अजिंक्यला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की काकूंची परवानगी मिळाली तर प्रयोगशाळेला ती नळी तपासावी लागेल, म्हणजे बिल सुटेल. व्हॅनचे पहिले पैसे त्याने कोइमतूरला भट्टीसमोर उभं राहून मिळवले होते. तो वाईट माणूस नव्हता.

"काकू रोज तुझ्या मोबाइलवर हजेरीचा अंगठा देतात," तो म्हणाला. "परवानगीलाही अंगठाच लागतो. आधी तो घे. निघायचं ते निघू दे, मग सांग त्यांना सावकाश."

दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्तीने मोबाइल पुढे केला तेव्हा पडद्यावर हजेरी नव्हती. काकूंचं लक्ष नव्हतं. एका पोराच्या बुटाची पट्टी लावत त्यांनी सवयीने अंगठा पुढे केला. तो टेकायच्या आत तृप्तीने मोबाइल मागे घेतला.

पोरं शाळेत गेल्यावर तिने व्हॅन झाडाखाली उभी केली आणि सगळं सांगितलं. खुर्ची, नळी, चौतीस, एकसष्ट. आणि यामुळे आपलं बिल सुटू शकतं, हेही.

मंजूकाकूंनी पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, "तुझं बिल तू माझ्या पोटात ढकलतेस? माझ्यामागे विचारणारं कुणी नाही म्हणून?"

त्या उतरल्या आणि चालत घरी गेल्या. त्यानंतर त्या कामावर आल्या नाहीत. मदतनीस बाईशिवाय शाळेची गाडी चालवता येत नाही, म्हणून सासूबाई येऊन बसल्या. त्यांना गाडी लागली. पोरांनी त्यांना सांभाळून घरी आणलं. आठवडा गेला आणि व्हॅन जप्तीची तारीख मोबाइलवर आली.

सोमवारी सकाळी मंजूकाकू नेहमीच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. दार सरकवून आत बसल्या.

"संक्रांतीपासून ब्लाउज दोनदा आत घेतले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चौतीसची झाले म्हणून बारीक होतेय."

तृप्तीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. गालांची हाडं वर आलेली इतके दिवस तिलाही दिसली नव्हती.

"पुण्याला कधी जायचं ते सांग," काकू म्हणाल्या. "आणि त्या मोबाइलवर काय दाबायचं ते उघड्या डोळ्यांनी दाबेन मी."

शनिवारी त्या दोघी व्हॅन घेऊन ‘आरोग्यवेध’च्या कचेरीत पोचल्या. डॉ. टोळेंनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि अडचण पुन्हा मांडली. सतराव्या नळीवर तृप्तीचं नाव आहे, त्यामुळे शितोळे मॅडम ती उघडायला सांगू शकत नाहीत. शितोळे मॅडमच्या नावाची अठरावी हवी तर उघडू, पण ती निर्दोष आहे, त्यातून काय साधणार? सतरावी आपली नाही असं मुळीक मॅडमच म्हणत आहेत, तेव्हा त्यांनाही ती मागता येत नाही.

मंजूकाकूंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"साहेब, आमच्या गाडीत पोरांचे डबे बदलतात," त्या म्हणाल्या. "एकाचा डबा उघडून काही कळत नाही, दोघंही माझाच म्हणतात. मग मी दोन्ही पोरं समोर बसवते आणि दोन्ही डबे उघडते. तुम्ही सतरा आणि अठरा, दोन्ही उघडा. आम्ही दोघींनी दोन्हींसाठी अंगठे दिलेत. कुठली नळी कुणाची का असेना, जिची असेल तिची परवानगी तुमच्या टेबलावर आहे."

डॉ. टोळेंनी दोघींच्या परवानग्या पुन्हा वाचल्या. मग कायदा विभागाला फोन लावून ते बाहेर गेले. परतायला त्यांना पाऊण तास लागला.

"नियमात बसतं," ते म्हणाले.

ओळख पटवण्याची चाचणी साधी होती. माणसामाणसांत डीएनएची बहुतेक अक्षरं सारखी असतात, पण ठरावीक जागी ती वेगळी पडतात. अशा काही शे जागा तपासल्या की रक्त कुणाचं ते नक्की होतं. दोघींच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. गोठवलेल्या दोन्ही नळ्या त्यांच्यासमोर बाहेर काढल्या. काचेपलीकडे यंत्र चालू झालं. काकूंनी पिशवीतून चपात्या काढल्या आणि दोघी तिथेच जेवल्या.

निकाल पडद्यावर आला तेव्हा डॉ. टोळे स्वतः तो वाचून दाखवायला आले. सतराव्या नळीतलं रक्त मंजुषा शितोळे यांचं होतं, अठराव्या नळीतलं तृप्ती मुळीक यांचं. शंकेला जागा नव्हती.

"यंत्र चुकलं नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "ते बरोबरच सांगत होतं. आम्ही ते चुकीच्या व्यक्तीला कळवलं."

"यंत्राचं नंतर बघू," काकू म्हणाल्या. "माझं आतडं कोण बघणार?"

टोळे नुकसानभरपाईच्या पद्धतीविषयी बोलू लागले. तृप्तीने त्यांना थांबवलं. तिने तीन गोष्टी मागितल्या, आणि त्यातली बिलाची शेवटी. काकूंची तपासणी आठवड्याच्या आत आणि उपचारांचा सगळा खर्च प्रयोगशाळेचा. त्या शिबिरातल्या उरलेल्या सगळ्या बायकांच्या नळ्यांची ओळखतपासणी. मग तिचे आठ लाख चाळीस हजार. टोळे म्हणाले की एवढं सगळं आज लेखी देणं अवघड आहे.

"आम्ही खाली व्हॅनमध्ये बसतो," तृप्ती म्हणाली. "गाडी अजून माझी आहे."

संध्याकाळी टोळे सही केलेली कागदपत्रं घेऊन स्वतः खाली आले. प्रयोगशाळेच्या दारात शाळेची पिवळी व्हॅन दिवसभर का उभी आहे, असं तोवर येणारे-जाणारे विचारू लागले होते, आणि मंजूकाकू प्रत्येकाला सविस्तर सांगत होत्या.

काकूंनी कॅमेऱ्याची गोळी गिळली. आतड्याच्या मधल्या भागात शेंगदाण्याएवढी गाठ दिसली. तृप्तीच्या पोटात जी महिनोन् महिने शोधली होती, तीच. ती सावकाश वाढणाऱ्या जातीची होती आणि कुठे पसरली नव्हती. शल्यचिकित्सकाने वीतभर आतडं काढून दोन्ही टोकं जोडली. यंत्राने सांगितलं नसतं तर गाठ आणखी दोन-तीन वर्षांनी कळली असती, असं त्याने सांगितलं. तेव्हा मात्र ती काढण्याच्या पलीकडे गेली असती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी अजिंक्य कोइमतूरहून आला आणि रुग्णालयाच्या बाकावर बसून राहिला. शुद्धीवर आलेल्या काकूंनी त्याला आधी ओळखलं आणि मग धंद्याची चौकशी केली. अंगठ्याचं त्यांना तृप्तीने कधीच सांगून टाकलं होतं. त्यावर त्यांनी त्याला एवढंच ऐकवलं की तू मेला भट्टीत तोंड घालून बसतोस, म्हणून डोकं तापतं तुझं. त्याने मान खाली घातली आणि त्यांच्यासाठी मोसंबी सोलत राहिला. परत जाण्याआधी दुसऱ्या मुलाचा विषय त्यानेच काढला. तृप्ती लगेच काही बोलली नाही. त्याला थोडं थांबू दिलं, मग हो म्हणाली.

जप्तीची तारीख आली तेव्हा व्हॅनवरचा बोजा उतरलेला होता. उरलेल्या नळ्यांत आणखी दोन जोड्या बदललेल्या निघाल्या. त्या चौघींपैकी कुणालाही रोग नव्हता, पण त्यातली एक जैविक वय जास्त आलं म्हणून नको ती औषधं घेत होती. आरोग्य खात्याने प्रयोगशाळेची सगळी शिबिरं थांबवली आणि नवा नियम घालून मगच चालू केली: भरलेली नळी आणि नावाचं लेबल रुग्णाच्या हातात द्यायचं, रुग्णाने नाव मोठ्याने वाचायचं, मगच ते चिकटवायचं. ज्याने लेबलं लावली होती त्या एकट्यावर ढकलून प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न झाला. तृप्तीने जबाबात लिहिलं की साठ नळ्या एका दुपारी भरायला सांगणारा माणूस वेगळा होता. तेही नोंदवलं गेलं.

पुढच्या जानेवारीत मंडळाने वाण तेच ठेवलं. पहिलं टोकन मंजूकाकूंना दिलं. या वेळी त्या मागे सरकल्या नाहीत. नळी भरली, लेबल समोर धरलं गेलं आणि त्यांनी सभागृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "मंजुषा विलास शितोळे." कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

अहवाल आला तेव्हा व्हॅन शाळेबाहेर उभी होती. काकूंनी चष्मा लावला, कर्करोगाची ओळ आधी वाचली आणि मग तळाची. घंटा होऊन पोरं धावत येईपर्यंत त्या समोरच्या मिठाईच्या दुकानात जाऊन परतल्या होत्या.

"कसले पेढे?" तृप्तीने विचारलं.

"साठ आलंय," काकू म्हणाल्या. "वर्षात सव्वीस वर्षांनी वाढले. बाकी आत काहीच नाही."

पोरं पुडक्यावर तुटून पडली होती. त्यांना बाजूला सारून काकूंनी पहिला पेढा तृप्तीच्या हातावर ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "आता काकू म्हण."